गोडवा व्हॉल्व्हचा, की जोडीचा?

सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या निवृत्त शिक्षिका असून तरुणपणी बारा वर्षे गाणे शिकलेल्या आहेत. त्यांच्या पत्राचा आशय असा:

“दिवाळीत पुण्याला मावसबहिणीकडे गेले होते. तिच्या यजमानांनी नव्याने घेतलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर किशोरीताईंची एक जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवली. ॲम्प्लिफायर केवळ आठ वॅटचा, पण स्पीकर छातीइतके उंच आणि भोंग्याचे. तानपुरा खोलीत झुलतो आहे आणि गाणारी व्यक्ती दोन हातांवर बसली आहे, असे वाटत होते. माझ्याकडे बारा बाय अकराच्या खोलीत वीस वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि शेल्फवर बसणारे छोटे स्पीकर आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात ८६ डेसिबल असा आकडा आहे. मी दीड लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. इंजिनिअर असलेला मुलगा म्हणतो की तो गोडवा म्हणजे निव्वळ डिस्टॉर्शन आहे आणि त्यासाठी पैसे मोजू नयेत. मी तोच ॲम्प्लिफायर घ्यावा का? घरात तीन वर्षांची नात आहे. शिवाय वडिलांचा मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर पडून आहे. त्याच्या पाठीला ग्रामोफोन जोडण्याची भोके आहेत. त्याचा काही उपयोग होईल का?”

ताई, स. न. वि. वि.

पुण्यात आपण जे ऐकले ते खरे होते, आणि आपले चिरंजीव म्हणतात त्यातही तथ्य आहे. परंतु तो आठ वॅटचा ॲम्प्लिफायर आपल्या सध्याच्या स्पीकरांसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली आवाजाचा विद्युत संकेत वाढवणारी काचेची नळी, हा नसून भोंगा हा आहे.

आधी ८६ या आकड्याचा अर्थ पाहू. स्पीकरला एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज मिळतो, असे तो आकडा सांगतो. पुण्यातील भोंग्याचे स्पीकर याच एका वॅटमध्ये ९६ डेसिबल किंवा त्याहूनही अधिक देत असणार, आणि डेसिबलच्या मोजमापात दहाचा फरक म्हणजे दहापट शक्ती. आपल्या खोलीत आपण अडीच मीटरवर बसता असे धरले, तर दोन्ही स्पीकर मिळून एकेका वॅटला आपल्या कानापाशी साधारण ८३ डेसिबल पोहोचतील. गाणे आपण सरासरी ७५ डेसिबलने ऐकत असलात, तरी तबल्याची थाप किंवा तार सप्तकातील एखादी जोरकस जागा क्षणभर ९५ पर्यंत उसळते आणि तेवढ्या क्षणाला सुमारे १६ वॅट लागतात. आठ वॅटचा ॲम्प्लिफायर नेमका तिथे गुदमरेल. पुण्याच्या स्पीकरांना त्याच क्षणाला दीड-दोन वॅट पुरतात. म्हणजे तेथील ॲम्प्लिफायर आपल्या कुवतीच्या पाव भागातच वावरत होता, आणि आपण त्याला सर्वांत सुखाच्या स्थितीत ऐकलेत.

ही जोडी काही कोणाच्या लहरीतून आलेली नाही. तेथील ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा ३०० बी हा व्हॉल्व्ह असावा, कारण आठ वॅट ही त्याचीच ओळख आहे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने तो १९३८ साली आणला, आणि त्या काळी कंपनीच्या सिनेमागृहांतील यंत्रणेत अशा थोडक्या वॅटवर अख्खे सभागृह भरून टाकण्याचे काम प्रचंड भोंगे करीत असत. पुढे मोठ्या शक्तीचे ॲम्प्लिफायर स्वस्त झाले, तसे स्पीकर लहान आणि शक्तीचे भुकेले होत गेले. आठ वॅटची आवड जपानमधील काही हौशी मंडळींनी जिवंत ठेवली आणि तेथून ती पुन्हा जगभर पसरली. पण त्या मंडळींनी भोंगेही सोडले नव्हते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

आता चिरंजीवांच्या मुद्द्याकडे वळतो. आपण गाणे शिकलेल्या आहात, त्यामुळे हा विषय आपल्याला त्यांच्यापेक्षा लवकर समजेल. विद्युत ध्वनीच्या भाषेत ज्याला डिस्टॉर्शन, म्हणजे विरूपण, म्हणतात, ते बहुतांशी मूळ स्वराला नवे उपस्वर चिकटण्याने होते. दुप्पट कंपनांचा उपस्वर चिकटला तर तो तार षड्ज. तिप्पट कंपनांचा चिकटला तर तार सप्तकातला पंचम. चौपट म्हणजे अतितार षड्ज. आणि पाचपट म्हणजे त्याच्या वरचा गांधार, जो खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो म्हणून आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. इथवरचे सगळे पाहुणे घरातलेच आहेत. सातवा उपस्वर मात्र कोमल निषादाच्याही खाली लोंबकळतो, आणि त्यापुढचे अनेक विषम उपस्वर कानाला टोचू लागतात. एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या साध्या मांडणीच्या ॲम्प्लिफायरमध्ये विरूपणाचा मोठा वाटा दुसऱ्या उपस्वराचा असतो आणि वरचे उपस्वर झपाट्याने क्षीण होत जातात. त्यामुळे विरूपण आकड्याने जास्त असूनही कान त्यावर रागावत नाही. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीचा माथा अगदी किंचित घासतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तेव्हा तोही तारेचे उपस्वरच फुलवत असतो. या अर्थाने व्हॉल्व्ह आवाजाला थोडी जवारी लावतो, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु ही उपमा फार ताणू नये, आणि व्हॉल्व्हचे भक्त ती नेहमीच ताणतात. तानपुऱ्याची जवारी एका तारेच्या एका स्वरावर काम करते. ॲम्प्लिफायरमधून तानपुरा, गळा, संवादिनी आणि तबला असे सर्व एकत्र जातात. दोन स्वर एकाच वेळी विरूपण करणाऱ्या यंत्रातून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही नवे स्वर जन्मतात. हिशेबासाठी षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. षड्ज आणि ३६० कंपनांचा पंचम एकत्र वाजले तर बेरीज ६०० होते, म्हणजे तार सप्तकातला गांधार, आणि वजाबाकी १२०, म्हणजे खर्जाचा षड्ज, दोन्ही गोड. पण षड्जाबरोबर २७० कंपनांचा शुद्ध रिषभ लावला तर बेरीज ५१० येते. तार षड्ज ४८० चा, तेव्हा हा ५१० चा स्वर तार सप्तकातल्या कोमल रिषभाच्या अगदी शेजारी बसतो. शुद्ध रिषभाच्या रागात हे भूत कोणालाही नको असते. शिवाय दोन्ही मूळ स्वर सारख्या जोराचे असतील, तर हे बेरजेचे-वजाबाकीचे स्वर त्या गोड दुसऱ्या उपस्वराच्या दुप्पट असतात. म्हणून ॲम्प्लिफायर कुवतीच्या खूप खाली चालत असतो तोवर ही जवारी सुखाची, आणि कुवतीच्या टोकाला पोहोचला की तिचा चिखल. पुण्यात एक गळा, एक तानपुरा आणि दीड-दोन वॅट अशी परिस्थिती होती. तोच ॲम्प्लिफायर आपल्या स्पीकरांवर जलसा रंगात आल्यावर कसा वाजेल, हे आता आपण स्वतःच ताडू शकाल.

दुसरा उपस्वर हेच व्हॉल्व्हच्या गोडव्याचे रहस्य, असे सरसकट सांगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरलेली असते. १९४७ साली ब्रिटनमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात विल्यमसन यांनी प्रसिद्ध केलेला ॲम्प्लिफायर, किंवा १९५३ चा क्वाड टू, हे त्या काळचे नावाजलेले नमुने दोन व्हॉल्व्हच्या ढकल-ओढ मांडणीचे, म्हणजे पुश-पुल होते. या मांडणीत सम क्रमांकाचे उपस्वर परस्परांना मारतात, त्यामुळे दुसरा उपस्वर तेथे जवळजवळ उरतच नाही. विल्यमसन यांचा पंधरा वॅटचा ॲम्प्लिफायर तर ०.१ टक्क्याच्या आत विरूपण ठेवीत असे. व्हॉल्व्हच्या सुवर्णकाळातील अभियंते गोडव्याच्या नव्हे, तर स्वच्छतेच्या मागे होते. गोडव्याचा शोध नंतरच्या लोकांनी लावला.

मग पुण्यात आपल्याला जाणवलेला मोठा फरक कशाचा? भोंग्यांनंतर माझ्या मते सर्वाधिक वाटा ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या अंतर्गत रोधाचा, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या विजेला तो स्वतः करतो त्या अडथळ्याचा आहे, आणि या विषयावर इतके लिहिले जात असूनही हा मुद्दा नेमका मागे पडतो. व्हॉल्व्हला आपल्यापुढे काही हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर तर चार-आठ ओहमचा, म्हणून मध्ये एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध ०.०५ ओहमच्या आसपास असतो, तर फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश परत आत देऊन चुका सुधारण्याची युक्ती) न वापरणाऱ्या एका व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा रोध सहज दोन-तीन ओहम असतो. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेले असले तरी तो आकडा सरासरीचा असतो. प्रत्यक्षात त्याचा रोध काही स्वरांना चार ओहमपर्यंत उतरतो आणि काही स्वरांना वीस ओहमपर्यंत चढतो. अंतर्गत रोध दोन ओहम असेल, तर चार ओहमच्या ठिकाणी आवाज साडेतीन डेसिबलने घटतो आणि वीस ओहमच्या ठिकाणी एका डेसिबलपेक्षाही कमी. म्हणजे त्या दोन जागांमध्ये पावणेतीन डेसिबलचे अंतर पडते. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हेच अंतर ०.१ डेसिबलही भरत नाही.

पावणेतीन डेसिबल म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. बऱ्याच स्पीकरांचा रोध दोन ठिकाणी उंच होतो: एक खाली, जेथे मोठा पडदा स्वतः डोलू लागतो तेथे, आणि एक वर, जेथे आवाज मोठ्या पडद्याकडून छोट्याकडे सोपवला जातो त्याच्या आसपास. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर नेमक्या याच दोन जागा उचलून धरतो. खालची जागा उचलली की डग्ग्याला आणि खर्जाला ऊब येते, जरी तो थोडा सैलही होतो. वरची जागा उचलली की गळ्याचे उपस्वर पुढे येतात आणि गाणारी व्यक्ती दोन हातांवर येऊन बसते. कोणत्या स्पीकरबरोबर हे घडेल आणि कोणत्याबरोबर बिघडेल, हे त्या स्पीकरच्या रोधाच्या चढउतारावर ठरते. म्हणून एकाच ॲम्प्लिफायरला एक गृहस्थ मधासारखा म्हणतात आणि दुसरे चिखलासारखा, आणि दोघेही प्रामाणिक असतात.

यावरून आपल्या चिरंजीवांना दोन प्रसंग सांगावेत. क्वाड या ब्रिटिश कंपनीचे तीन पिढ्यांचे ॲम्प्लिफायर, म्हणजे व्हॉल्व्हचा क्वाड टू आणि ट्रान्झिस्टरचे ३०३ व ४०५, घेऊन जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञांनी १९७८ साली जाणत्या श्रोत्यांची परीक्षा घेतली. आवाजाची पातळी सारखी ठेवलेली होती आणि कोणताही ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणला जात नव्हता. कोणता ॲम्प्लिफायर वाजतो आहे हे डोळ्यांना कळू न देता विचारले असता, श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा भरवशाची निघाली नाहीत. दुसरा प्रसंग १९८५ चा, अमेरिकेतला. बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या समीक्षकांशी पैज घेतली की त्यांनी निवडलेल्या कोणत्याही महागड्या ॲम्प्लिफायरसारखा आपला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर तो वाजवून दाखवील. समीक्षकांनी व्हॉल्व्हचा एक मोठा ॲम्प्लिफायर निवडला. कार्व्हरने हॉटेलच्या खोलीत बसून, दोन्ही यंत्रांचे आवाज एकमेकांतून वजा करीत, उरलेला फरक कमी करत नेला. शेवटी समीक्षकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. पहिल्या प्रसंगातून चिरंजीवांचा पक्ष बळकट होतो: नीट बांधलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि नीट बांधलेला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर यांत फारसे अंतर नसते. दुसऱ्यातून मात्र आपलाही पक्ष उभा राहतो, कारण फरक मुळातच नसता तर कार्व्हरला इतका खटाटोप करावा लागला नसता. फरक होता, फक्त तो काचेच्या नळीत कोंडलेला नव्हता.

ट्रान्झिस्टरची जुनी बदनामीही निराधार नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. (आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला अडकवायचा छोटा रेडिओ, आणि त्या डबीच्या चिरक्या आवाजानेही या शब्दाचे बरेच नुकसान केले.) १९६० च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा दुसरा सांभाळी, आणि लहर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सांध्यावर खाच पडे. या दोषाचे वैशिष्ट्य असे की आवाज जितका हळू, तितके विरूपणाचे प्रमाण जास्त. म्हणजे आलापाच्या शेवटी विरत जाणाऱ्या तानपुऱ्यावरच तो घाव घाली, आणि तोही टोचणाऱ्या विषम उपस्वरांचा. त्या काळी व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टर घेतलेल्या रसिकांनी नाके मुरडली ती योग्यच होती. आपल्याकडील वीस वर्षांपूर्वीच्या ॲम्प्लिफायरला मात्र तो आरोप लागू होत नाही.

आता पैसे खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग करावा, असे मी सुचवतो. चिरंजीवांना दोन ओहमचे, पंचवीस वॅटचे, तारेच्या वेटोळ्यांचे दोन रेझिस्टर आणायला सांगा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते अगदी किरकोळ किमतीला मिळतात. ॲम्प्लिफायर बंद करून, प्रत्येक स्पीकरकडे जाणाऱ्या तांबड्या तारेत मध्ये एकेक रेझिस्टर जोडायचा आणि तो कापडाला किंवा लाकडाला टेकणार नाही अशा बेताने ठेवायचा, कारण तो थोडा तापेल. यामुळे आपला जुना ॲम्प्लिफायर अंतर्गत रोधापुरता व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरसारखा वागू लागेल, आणि त्याला कोणताही अपाय होणार नाही. आवाज साधारण दोन डेसिबलने उतरेल, तेवढा तो वाढवून घ्यावा. हे वाढवून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण दोन आवाजांपैकी किंचित मोठा असेल तोच कानाला सरस वाटतो. शक्य असल्यास ३०० कंपनांच्या आसपासचा एकसुरी स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा आणि दोन्ही वेळचे व्होल्ट दोन टक्क्यांच्या आत जुळवावेत. मग आपल्या ओळखीची एखादी ध्वनिमुद्रिका दोन्ही प्रकारे आठवडाभर ऐका.

पुण्याचा आवाज काही अंशी आपल्या खोलीत आला, तर आपले दीड लाख रुपये जवळजवळ वाचले. आवाज सैल आणि धूसर झाला, तर आपल्या स्पीकरांचा रोध व्हॉल्व्हला मानवणारा नाही, असे समजावे. आणि काहीच फरक जाणवला नाही, तर पुण्यातील जादू भोंग्यांची, खोलीची आणि त्या दिवशीच्या निवांतपणाची होती. या तिसऱ्या शक्यतेला कमी लेखू नये.

आपण ऐकलेल्या त्या जुन्या ध्वनिमुद्रिकेबद्दलही थोडे. १९५० च्या दशकातील आणि साठच्या दशकाच्या मोठ्या भागातील ध्वनिमुद्रण मायक्रोफोनपासून टेपरेकॉर्डरपर्यंत व्हॉल्व्हमधूनच होत असे. कोलकात्याजवळच्या डमडमच्या तबकड्यांच्या कारखान्यातून महाराष्ट्रात आलेल्या त्या काळच्या तबकड्यांच्या खोबणीत व्हॉल्व्हचा रंग आधीच उतरलेला आहे. तो ट्रान्झिस्टरवरही ऐकू येतो. ‘व्हॉल्व्ह विरुद्ध ट्रान्झिस्टर’ या वादात १९७३ साली रसेल हॅम यांनी लिहिलेल्या ज्या निबंधाचा हवाला नेहमी दिला जातो, तोही स्टुडिओतील मायक्रोफोनच्या ॲम्प्लिफायरवर जास्त भार पडल्यावर काय होते याविषयी आहे, दिवाणखान्यात हळू आवाजात गाणे ऐकण्याविषयी नाही. स्वयंपाकात मीठ घातलेले असताना पानातही मीठ घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या चवीचा प्रश्न आहे. मी स्वतः थोडे घेतो.

होय, माझ्याकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे, आणि हे लपवून सल्ला देणे अप्रामाणिक ठरेल. संध्याकाळी तो सुरू करावा, मिनिटभर थांबावे, आत तांबूस उजेड यावा आणि मगच गाणे उमटावे, यात एक अवधान आहे. थांबावे लागते म्हणून आपण ऐकायला बसतो. हा भाग ध्वनिशास्त्रात मोडत नाही, पण आनंदात नक्की मोडतो, आणि स्वतःच्या पैशाने स्वतःचा आनंद विकत घेणाऱ्याला मुलाची परवानगी लागू नये.

तेव्हा प्रयोगानंतरही व्हॉल्व्हच घ्यावासा वाटला, तर ३०० बी नको. ईएल ३४ या व्हॉल्व्हच्या जोड्यांचा, पुश-पुल मांडणीचा, तीस-पस्तीस वॅटचा ॲम्प्लिफायर पाहावा. तो आपल्या स्पीकरांना पुरून उरेल, त्याचा अंतर्गत रोध बेताचा असतो, आणि त्याचे व्हॉल्व्ह चीन, रशिया व स्लोव्हाकियात आजही बनत असल्याने बदली मिळत राहतात. घेताना बाह्य सौंदर्यापेक्षा वजन पाहावे, कारण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा कस त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो आणि चांगला ट्रान्सफॉर्मर जडच असतो. आठ वॅटचाच मोह पडत असेल, तर आधी सर्व पैसे अधिक संवेदनशील स्पीकरांवर खर्च करून, सध्याच्या ॲम्प्लिफायरवर वर्षभर ऐकावे. खरे सांगायचे तर आपल्या जागी मी हेच करीन. कोणत्याही परिस्थितीत जुना ॲम्प्लिफायर विकू नये. मे महिन्यात तो आठवेल. चार ईएल ३४ चे नुसते हीटरच, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या ताराच, सुमारे ३८ वॅट खातात आणि संपूर्ण यंत्र, गाणे वाजो वा न वाजो, दीड-दोनशे वॅटची उष्णता खोलीत सोडत राहते. रोज तीन तास ऐकल्यास महिन्याला सुमारे सोळा युनिट वीज धरावी. शक्तीचे व्हॉल्व्ह दोन-तीन हजार तासांनंतर कधीही बदलावे लागतात, तोही खर्च मनाशी असू द्यावा. परदेशातून जुना नग येत असेल तर त्याचा व्होल्टेज तपासावा: जपानी यंत्रे १०० व्होल्टची आणि अमेरिकी १२० ची असतात, आणि आपली वीज २३० ची.

नातीचा विचार आपण केलात हे फार चांगले झाले. चालू व्हॉल्व्हची काच दोनशे अंशांच्या आसपास तापते. वरून धातूची जाळी स्क्रूने बसवलेली असल्याशिवाय यंत्र घेऊ नये आणि ते छातीच्या उंचीवर, मागे हवा खेळेल असे ठेवावे. आत चारशे व्होल्टपर्यंतचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतो, त्यामुळे तळाचे झाकण घरी उघडू नये. स्पीकरची तार निघालेली असताना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला याने काही होत नाही, पण येथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. माझा एक असाच गेला आणि तो पुन्हा गुंडाळून मिळेपर्यंत चार महिने गेले.

राहिला मर्फीचा रेडिओ. त्याच्या आवाजाची ऊब आपल्याला आठवत असणार, पण ती प्रामुख्याने लाकडी पेटीची, मोठ्या पडद्याच्या एका स्पीकरची आणि मध्यम लहरींवर वरचे स्वर कापले जात त्याची आहे. पाठीमागची भोके ग्रामोफोनच्या पिकअपसाठीच आहेत आणि तत्त्वतः त्यांतून आजचे यंत्रही वाजवता येते. मात्र तो माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये घालू नये. इतक्या वर्षांत आतले कागदी कंडेन्सर गळू लागलेले असतात, आणि ते बदलण्यापूर्वी वीज दिली तर ट्रान्सफॉर्मरसकट सेट जाऊ शकतो. त्याआधी पाठीचे पुठ्ठ्याचे झाकण काढून व्हॉल्व्हवरील अक्षरे वाचावीत. नावे ई या इंग्रजी अक्षराने सुरू होत असतील, जसे ईसीएच किंवा ईएल, तर ते ६.३ व्होल्टच्या हीटरचे व्हॉल्व्ह आहेत आणि आत विजेपासून वेगळे करणारा ट्रान्सफॉर्मर असण्याची शक्यता मोठी आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाकडून त्याची खात्री करून आणि कंडेन्सर बदलून घेतले की तो वापरता येईल. नावे यू या अक्षराने सुरू होत असतील, जसे यूसीएच किंवा यूएल, तर तो सेट ट्रान्सफॉर्मरविना थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या जातीचा आहे, आणि त्याच्या आतील धातूच्या सांगाड्यालाच वीज असू शकते. अशा सेटच्या त्या भोकांना तबकडीचे यंत्र किंवा मोबाइल कदापि जोडू नये. तो पुसून, तार कापून, दिवाणखान्यात ठेवावा.